ॲलनचे सांधे

८ डिसेंबर २०२४, बारामती

भाचा इटलीतल्या तुरीनहून सुटीला आला. तो जिथं भाड्यानं राहतो त्या घराच्या तळघरात ॲलन सायकलची एक फ्रेम वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेली होती. घरमालक ती भंगारात द्यायला निघाले होते, म्हणून यानं मागून घेतली आणि खोक्यात घालून आणली. चाकं नाहीत, क्रँक नाही, नुसता सांगाडा आणि पुढचा चिमटा. तरी दुपारचं जेवण बाजूला राहिलं.

किराणा दुकानातल्या काट्यावर फ्रेम दीड किलोच्या जरा वर भरली. त्या काळातली चांगली पोलादी शर्यतीची फ्रेम दोन किलोंच्या आसपास किंवा वरच असायची. रंग नाहीच, ॲनोडाइझ केलेली मंद चंदेरी कातडी आहे. नळ्या जोडणाऱ्या लगवर नाव कोरलंय. नळ्या पोलादी सायकलीइतक्याच बारीक, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ही ॲल्युमिनियमची आहे हे कळणारही नाही.

ॲलन हा उत्तर इटलीत पदुआजवळचा छोटा कारखाना. लोदोविको फाल्कोनी यांनी तो १९७२ मध्ये काढला. पोलादी नळ्या लगमध्ये बसवून पितळेनं झाळतात, तसं ॲल्युमिनियमचं करता येत नाही. तेवढ्या उष्णतेला ते वितळतंच, आणि वितळण्याच्या कितीतरी आधी मिश्रधातूला दिलेलं पाणी उतरून तो मऊ पडतो. फाल्कोनींनी उष्णतेचा नादच सोडला. नळ्यांना आटे पाडले, लगमध्ये फिरवून बसवल्या आणि मध्ये इपॉक्सी भरलं. पन्नास वर्षांपूर्वी विमानाच्या कारखान्यातलं काम त्यांनी सायकलीच्या दुकानात आणलं आणि हजारोंनी फ्रेम्स काढल्या.

संध्याकाळी उजेडात धरून पाहिली. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो तो डावा तुकडा वरच्या नळीतून सुटलाय. फटीत नख जातं. आत पांढरी भुकटी दिसते, म्हणजे पाणी शिरून ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. खालच्या नळीतला सांधा अजून धरून आहे, पण मनापासून नाही. बोटानं दाबला की बारीक कुरकुरतो.

१२ डिसेंबर

वालचंदनगरला अण्णांकडे गेलो. अण्णा तिथल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ, व्हाइस आणि डायल गेज एवढ्यावर तालुक्याची अर्धी अवघड कामं ते अजून करतात.

त्यांनी फ्रेम हातात घेतली आणि पहिल्यांदा खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. एकेका सांध्यावर नाण्यानं टकटक करत गेले. जिथं गोंद धातूला धरून आहे तिथं आवाज खणखणीत, आखूड. जिथं सुटलाय तिथं भसाडा. विमानांच्या चिकटवलेल्या पत्र्यांचीही पहिली तपासणी अशी नाण्यानं करतात, आणि कसलेल्या कानाला ती बरंच काही सांगते. आम्ही खडूनं खुणा केल्या. हँडलखालच्या नळीचे, म्हणजे हेडचे, दोन्ही सांधे पक्के. बीबीचे, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या खालच्या जोडाचे, तिन्ही पक्के. डाव्या खाचेचा वरचा सांधा मेलेला, खालचा अर्धा. बाकी सगळं जिवंत.

अण्णा म्हणाले, "वाल्ह्यापासून इंदापूरपर्यंत असं काम कुणी केलं नसेल. पण हे नवीन नाही रे. विमान असंच जोडतात."

त्यांच्या बोलण्यात एक धागा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. नीरेकाठच्या कळंब गावाच्या माळावर साखर कारखाना उभारून ज्यांच्या नावानं वालचंदनगर झालं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, इंग्लंडातल्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी रेडक्स नावाचा गोंद शोधला. धातूला धातू जोडून विमानाच्या कामात विश्वासानं वापरता येईल असा तो पहिला गोंद. कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट विमान, त्याच्या अंगात तो आहे. तिथूनच ही विद्या फिरत फिरत पदुआला सायकलीत आली. आणि आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या व्हेस्पा २०१२ पासून बनतात, त्या व्हेस्पाचा मूळ आराखडा करणारे कोराडिनो दास्कानियो हेही विमानाचेच इंजिनिअर. इटलीतल्या दुचाकींवर विमानवाल्यांचा हात असा जागोजागी दिसतो. आमच्या भागातल्या पोरांनी व्हेस्पाच्या लाइनवर काम केलंय. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

१५ डिसेंबर

चिमट्यावरून वाद.

हा चिमटाही ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याची उभी नळी मुकुटात, म्हणजे त्याचे दोन पाय जिथं मिळतात त्या तुकड्यात, चिकटवलेली आहे. अण्णांनी कारखान्यात वापरतात तसे तीन डबे काढले. आधी साफ करायचं, मग लाल रंग फवारून ठेवायचा, पुसून घ्यायचा, वर पांढरी भुकटी मारायची. चीर असेल तर आत लपलेला लाल रंग भुकटीवर उमटतो. आम्ही फक्त मुकुटाच्या बाहेरच्या अंगाला हे केलं. जिथं पुढं गोंद लावायचा आहे तिथं हा तेलकट रंग जाऊन चालत नाही, एकदा फटीत मुरला की निघत नाही.

पांढऱ्यावर लाल काहीच उमटलं नाही.

"मग झालं की," अण्णा म्हणाले. "चीर नाही. बसव."

मी नाही म्हणालो. चीर बाहेरून दिसते, सांधा आतून सुटतो. मागची खाच सुटली तर सायकल डगमगेल आणि मी उतरेन. चिमट्याची नळी मुकुटातून निघाली तर हँडल हातात येईल आणि तोंड रस्त्यावर. शिवाय पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचे झटके ते जन्मभर सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, प्रत्येक लहान झटक्याची नोंद त्याच्या अंगात होत राहते. या चिमट्यानं किती दगड खाल्ले हे कुणाला ठाऊक?

"दिसत नाही म्हणून वाईट म्हणायचं का?" अण्णांचा प्रश्न रास्त होता. पण आयुष्यभर ज्या फ्लँजवर त्यांनी सही केली ती तपासता येत होती. हा सांधा तपासता येत नाही. पोलादी चिमटा बसवायचं ठरलं. जुना तेल पुसून, कापडात गुंडाळून फ्रेमसोबतच ठेवायचा, म्हणजे पुढं कुणाला सायकल फक्त ठेवायची असेल तर तिचं मूळ तिला परत देता येईल.

संग्राहकांना हे पटणार नाही. त्यांच्या लेखी मूळ चिमटा नसलेली ॲलन अर्धी. माझ्या लेखी जी चालवता येत नाही ती अर्धी.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज बाजाराचा दिवस, गावात पाय ठेवायला जागा नाही. तीन हत्ती चौकातून पुढं बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर, हार्डवेअरमधून ॲसिटोन आणि पॉलिश पेपर. गोंद पुण्याहून मागवला आहे: थ्रीएमचा डीपी-४२०. घराघरात असतं ते साधं अराल्डाइट कडक होतं पण ठिसूळ राहतं, सायकलीच्या थरथरीला उपयोगाचं नाही. हा इपॉक्सी मुद्दाम चिवट केलेला आहे, धक्का बसला की तडकत नाही, थोडा देतो.

वाटेत आमच्या जुन्या सायकलवाल्या मामांच्या दुकानात थांबलो. हीरो आणि ॲटलासची दोन पिढ्यांची पंक्चरं त्यांनी काढली. बीबीचे कप बघून ते चक्रावले. आपल्याकडं उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा, पायडल मारताना आपसूक आवळलेला राहतो. इटालियन बीबीत दोन्ही बाजू सुलट्या, छत्तीस मिलिमीटरचा व्यास आणि सत्तर मिलिमीटरची रुंदी, आपली इंग्रजी पद्धतीची अडुसष्ट. उजवा कप म्हणूनच सैल होत जातो आणि फार जोरानं आवळावा लागतो. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर हा जोर फार काळजीनं द्यायचा. मामांनी दोन्ही कप ग्रीस लावून हातानं फिरवून पाहिले. आटे शाबूत आहेत. त्यांनी पैसे घेतले नाहीत, "झाल्यावर दाखवायला आण" म्हणाले.

२२ डिसेंबर, वालचंदनगर

येताना भवानीनगरला मळीचा वास आणि अंगावर चिपाडाची काजळी. गळीत हंगाम जोरात आहे. दोरीवरचे पांढरे कपडे काळे ठिपके घेऊनच वाळतात. अण्णांनी शेडमध्ये काम करायला नको म्हटलं. आतली खोली पुसून घेतली, पंखा बंद, खिडकीला ओला टॉवेल.

आधी सांधा उकलायचा. गरम हवेच्या गननं खालचा सांधा हळूहळू तापवला. जुना इपॉक्सी शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, धातूचं पाणी त्याहून बऱ्याच वर उतरतं. काम या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत करायचं. अण्णा थर्मामीटर धरून बसले होते. ज्वाला आणली असती तर फ्रेम तिथंच संपली असती. वेल्डिंगवाल्याकडे नेलेल्या अशा फ्रेमचंही हेच होतं: सांधा जोडला जातो, शेजारचा गोंद जळतो आणि नळी मऊ पडते.

वरची नळी बाजूला ताणून धरली, तुकडा डावीउजवीकडे हलवत ओढला आणि तो निघाला. आत जुना गोंद तपकिरी पापुद्र्यासारखा. एका बाजूला तो धातूला घट्ट चिकटलेला, दुसऱ्या बाजूला धातू अगदी कोरा, गोंदानं त्याला कधी धरलंच नसावं असा. मी तिथंच बराच वेळ बघत बसलो. गोंद तुटला नव्हता. त्याच्याखालची कातडी पाण्यानं उचलली गेली होती. पदुआच्या कामगारानं गोंद भरताना कमी घातला असं नाही. पाऊस आणि तळघराची ओल यांनी धातूवरचा पातळ थर आतून पोखरला. गोंदाचा सांधा असा मरतो, कडेकडून, कुणाला न कळता.

पोलादी सायकलीचं वेगळं असतं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथं शंभर वर्षांच्या सायकली तेल-फडक्यानं राखलेल्या पाहिल्या. गंज दिसतो, म्हणून त्याच्याशी लढता येतं. इथं शत्रू आत असतो. म्हणूनच जिला फक्त भिंतीवर टांगायचं आहे तिलाही वर्षातून एकदा नाण्यानं वाजवून पाहिलं पाहिजे.

जुना गोंद बांबूच्या कांबीनं आणि पितळी पट्टीनं खरवडला. तारेचा ब्रश नाही. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की ओलाव्यात तेच पुढं धातू खायला लागतात.

२३ डिसेंबर, वालचंदनगर

रात्री मुक्काम केला.

सकाळी आंघोळ करून, नवे हातमोजे चढवून बसलो. अण्णांच्या सूनबाईंनी चहा आणला तेव्हा त्यांना दारातच थांबायला सांगितलं. बोटाचं तेल, केसाचं तेल, फोडणीची वाफ, यातलं काहीही चालत नाही.

ॲसिटोननं पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, पुन्हा पुसलं. प्रत्येक वेळी नवं फडकं, एकाच दिशेनं. मग पाण्याची परीक्षा. डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब धातूवर सोडायचा. धातूवर तेलाचा अंश असेल तर पाणी गोळा होऊन थेंबच राहतं. स्वच्छ असेल तर पसरतं आणि सलग पडदा होतो, कुठं तुटत नाही. पहिल्या खेपेला पडद्यात कडेला एक भोक पडलं, मोहरीएवढं. तेवढ्या जागेवर पुन्हा घासलं. दुसऱ्यांदा पडदा कडेपासून कडेपर्यंत सलग राहिला. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मान हलवली.

बोअरचं पाणी वापरलं असतं तर ही परीक्षाच झाली नसती. आमच्या भागातलं पाणी जड, वाळलं की क्षाराचा डाग उरतो.

वाळवून लगेच गोंद. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेतला ऑक्सिजन क्षणात नवी कातडी चढवतो आणि ती तासागणिक जुनी होत जाते, म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं. गोंद मिसळल्यावर वीसेक मिनिटं हातात असतात. दोन्ही अंगांना लावला, तुकडा हलवत बसवला, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. गोंदाची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी हवी. फार पातळ झाली तर सगळा पिळून बाहेर जातो, फार जाड झाली तर दुबळा. खाचेत खोटा एक्सल अडकवून दोन्ही बाजूंमधलं अंतर एकशेसव्वीस मिलिमीटरवर बांधलं. सहा-सात गिअरच्या त्या वेळच्या मागच्या चाकाचं ते माप. अण्णांनी दोरा हेडपासून दोन्ही खाचांपर्यंत ताणून मधल्या नळीपासूनचं अंतर व्हर्निअरनं दोन्हीकडे मोजलं. सारखं.

थंडी कडाक्याची आहे आणि थंडीत हा गोंद सुस्त होतो. शेजारच्या पोल्ट्रीवाल्यांकडून पिलांच्या ब्रूडरचा दिवा आणला, खोकं उपडं घातलं, आत थर्मामीटर ठेवला. पन्नास अंशांच्या आसपास रात्रभर.

यातलं काहीही आता कुणाला दिसणार नाही. पाण्याचा पडदा, तो मोहरीएवढा डाग, सगळं गोंदाखाली गेलं. म्हणून मी एक पातळ पट्टी लिहून बीबीच्या आत चिकटवली: तारीख, गोंदाचं नाव, कुठला सांधा, कशानं घासला. पुढं कुणीतरी ही फ्रेम उकलेल, त्याला चाचपडायला लागू नये.

२५ डिसेंबर

नाणं वाजवलं. दोन्ही सांधे खणखणीत.

५ जानेवारी २०२५

सायकल उभी झाली. पोलादी चिमटा, जुने सिंगल पिव्होट ब्रेक, मामांनी आऊट काढून दिलेली चाकं. पहाटे बारामतीहून इंदापूरला निघालो. पालखी मार्ग आता चौपदरी आणि सिमेंटचा झालाय. तुकोबांची पालखी जाते तोच हा रस्ता, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी. जानेवारीत तो उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. मागं दिवा नसलेली ट्रॉली धुक्यात अचानक समोर येते, म्हणून उजाडेपर्यंत काटेवाडीतच चहा घेत थांबलो.

या फ्रेमबद्दल जुने स्वार सांगायचे ते खरं आहे. सीटवर बसून चालवली की रस्ता मऊ लागतो, सिमेंटच्या जोडांचे ठोके मनगटापर्यंत येत नाहीत. उभं राहून जोर मारला की बीबी बाजूला झुकते, डोळ्यांनी दिसते. कारण सरळ आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, तसं एक तृतीयांश ताठही. नळी जाड घेराची केली तर ताठपणा झपाट्यानं वाढतो, घेराच्या घनानं. अमेरिकेत कॅननडेलनं १९८३ पासून तेच केलं आणि जगानं नंतर तोच मार्ग धरला. इटालियन लोकांनी नळ्या बारीकच ठेवल्या. धिप्पाड स्प्रिंटरांना ही फ्रेम मानवली नाही. पण चिखलात सायकल खांद्यावर घेऊन धावायच्या सायक्लोक्रॉस शर्यतींत १९८० च्या दशकात ॲलन आणि ग्वेर्चोत्ती या दुसऱ्या कंपनीचं नाव लावलेल्या ॲलन गाजल्या. हलकी, न गंजणारी, खडबडीत जमिनीवर अंग न दुखवणारी. आमच्या उसाच्या बांधावरच्या रस्त्यांना याहून योग्य फ्रेम मला सुचत नाही. ती जाड नळ्यांच्या ताठ सायकलींपुढं हरली म्हणून चुकीची होती असं मी मानत नाही. ती वेगळ्या कामाची होती.

निमगाव केतकीला पानमळ्यांच्या कडेनं उतार आहे, तिथं हात सोडून पाहिले. सरळ गेली. दोराही तेच म्हणाला होता.

इंदापूरला एका डाळिंबवाल्या शेतकऱ्याकडे उतरलो. त्यांच्या वडिलांना पुण्यात शर्यती खेळताना मिळालेली ग्वेर्चोत्ती माळ्यावर आहे असं ऐकलं होतं. खरंच आहे. काळी ॲनोडाइझ केलेली, ॲलनचेच लग. सीटचा ॲल्युमिनियमचा खांब आत अडकलेला, कारण तो बिनग्रीसचा वर्षानुवर्षं राहिला. नाणं वाजवलं, बीबीचा एक सांधा भसाडा. त्यांनी विचारलं, "चालेल का हो परत? आबांनी हिच्यावर बोरघाट चढलाय."

फ्रेम घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, आधी घरच्यांना विचारा, चालवायची की ठेवायची. दोन्हीची कामं वेगळी आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

इंदापूरहून फोन आला. त्यांची मुलगी अकरावीला आहे, तिला चालवायची आहे. मूळ चिमटा काढायला आबांची हरकत नाही, फक्त तो फेकू नका म्हणाले.

दुपारी तिळगूळ घेऊन फ्रेम आली. सीटचा खांब पिळून काढायचा नाही, पिळला तर लगचे कान फुटतात. वरचा भाग करवतीनं कापायचा, उरलेला आतून पात्यानं लांबीनं चिरायचा आणि मिटवून काढायचा. त्याला अण्णांचा हात हवा आणि एक पूर्ण दिवस. बीबीचा सांधा मात्र तिन्हीकडून बंदिस्त आहे, नळी बाहेर ओढता येणार नाही. तिथं आतल्या बाजूनं बारीक भोक पाडून साफ करायचं आणि पातळ इपॉक्सी सुईनं भरायचं, असा विचार आहे. पाण्याची परीक्षा तिथं करता येत नाही, म्हणजे त्या सांध्याचा भरवसा खाचेच्या सांध्याइतका धरता येणार नाही. हे मुलीला समोर बसवून सांगायचं आणि नाणं कसं वाजवायचं ते तिलाच शिकवायचं. दर महिन्याला तिनं वाजवायचं, आवाज बदलला की त्या दिवसापासून सायकल बंद.

अण्णांना फोन केला. रविवारी या म्हणाले.